आठ-चाळीस गेली का?

४ जानेवारी

मामा,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की तुमच्याआधी तुमच्या शेजाऱ्यांना सगळं कळतं. म्हणून पत्र. अक्षराला हसू नका.

परवापासून तुमच्या खुर्चीत बसतेय. खरंच तुमचीच खुर्ची. डाव्या हाताला झिजलेली, आणि मागे टेकलं की कुरकुरते. कपाटाच्या दाराला आतून तुमच्या अक्षरातली किल्ल्यांची यादी अजून चिकटवलेली आहे. माझ्या आधीचे मास्तर घाईत होते. चार्ज देताना "सगळं कागदावर आहे" म्हणाले आणि पुढच्याच गाडीने गेले. मिशीकाका पॉइंट्समन डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर आहेत, बारा तारखेला येतील. त्यामुळे सध्या मी, तिकीट खिडकीवरची मुलगी आणि दोन झाडूवाले, एवढंच राज्य.

आता कामाचं. आपल्या स्टेशनाला यंदा ऐंशी वर्षं होतात. वरच्या ऑफिसने आठ पानांचा इतिहास मागवलाय, फोटोंसकट. तुम्ही इथे छत्तीस वर्षं काढलीत, तुमच्याशिवाय हे कोण सांगणार? पहिली इमारत कशी होती, प्रवासी कोण होते, पूल कधी झाला, सगळं लिहून पाठवा. जुनी रजिस्टरं मी चाळतेय. तुम्ही नोकरीला लागलात त्या वर्षीच्या रजिस्टरात जानेवारीतलं एक पान नाही. उंदराने खाल्लेलं नाही, कुणीतरी पट्टी लावून नीट फाडलंय. तुम्हाला काही आठवतं?

आणि एक गंमत. सकाळी पावणेनऊला एक बाई माझ्या दाराशी येते आणि विचारते, "आठ-चाळीस गेली का?" आपल्याकडे आठ-चाळीस नाहीच, आठ-सदतीस आहे. दोन्ही वेळा मी फोनवर होते, हातानेच बसा म्हटलं. ती प्रतीक्षालयातल्या बाकाच्या टोकाला जाऊन बसली. गंमत म्हणजे त्या टोकाला दुसरं कुणीच बसत नाही. गर्दी असली तरी लोक उभे राहतात. विचारलं तर म्हणतात, "तिथे वारा लागतो." वारा काही लागत नाही. मी बसून पाहिलं.

तुमची भिंगरी

९ जानेवारी

भिंगरे,

बाई स्टेशन मास्तर झाली आणि तीही आमच्या घरातली, हे मी इथल्या दूधवाल्याला तीनदा सांगितलं. तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, त्यामुळे कौतुकच केलं असं धरून चालतोय. कान आता पार गेले. दाराची घंटा काढून टाकली. वाजते की नाही हे मला कळत नाही आणि लोक दाबून दमतात.

इतिहास लिहून घे. सुरुवातीला स्टेशन नव्हतंच. वीटभट्टीवाल्यांच्या सोयीसाठी गाडी मिनिटभर थांबायची, आणि उतरायला म्हणून लाकडी फळ्या टाकल्या होत्या. पाऊस पडला की फळ्या वाहून जायच्या, मग माणसं उड्या मारायची. पुढे पुढच्या स्टेशनजवळ सुताची गिरणी निघाली. गिरणीतल्या बायकांनी इथे रुळांच्या पलीकडे स्वस्तात खोल्या घेतल्या आणि सकाळची गर्दी सुरू झाली. मी लागलो तेव्हा दोन फलाट होते, एक पत्र्याची शेड, आणि एक घड्याळ. ते वर्षातले सहा महिने चालायचं, पण कुठले सहा ते आधी सांगायचं नाही. तेव्हा पूल नव्हता. लोक फलाटाच्या टोकाच्या उतारावरून खाली रुळांवर उतरायचे आणि पलीकडे जायचे. पुलासाठी मी अकरा अर्ज केले. बाराव्याला मंजुरी आली. हे मात्र इतिहासात घाल. माझं नाव नको, अर्जांचा आकडा घाल.

पानाचं मला आठवत नाही. जुनी रजिस्टरं आहेत, फाटायचीच.

आता नीट वाच. ती बाई विचारील तेव्हा "यायची आहे, बसा" एवढंच म्हणायचं. दुसरं काही नाही. माझ्या मागून जे जे आले त्यांना मी हे तोंडी सांगितलं होतं, आणि मिशीला बजावलं होतं की नव्या माणसाच्या कानावर पहिल्याच दिवशी घालायचं. तो रजेवर जाईल हे ध्यानात आलं नाही. का, ते विचारू नकोस. मामाचं एक ऐक.

तुझा मामा

१४ जानेवारी

मामा,

तुमचं पत्र आज मिळालं. दोन दिवस उशीर झाला.

परवा, बारा तारखेला, धुकं होतं. आठ-सदतीस वेळेवर आली आणि वेळेवर गेली. पावणेनऊला ती दारात. एरवी त्या वेळी मी फोनवर असते, हातानेच बसा म्हणते; यावेळी नव्हते, म्हणून पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. तिशी-बत्तिशीची असेल. राखाडी कपडे, हातात कापडी पिशवी, धावत आल्यासारखा श्वास. एका चपलेचा पट्टा तुटलेला, तिथे सेफ्टी पिन लावलेली.

"आठ-चाळीस गेली का?"

मी म्हटलं, "गेली हो. आता पुढची नऊ-पाचला."

ती म्हणाली, "बरं." राग नाही, काही नाही. वळली आणि फलाटाच्या टोकाकडे चालायला लागली. पूल या बाजूला आहे आणि ही त्या बाजूला का चाललीय, म्हणून मी दारात आले. तिथे तुमचा जुना उतार आहे, कुंपण घालून बंद केलेला. ती कुंपणाशी थांबलीच नाही. मामा, मी शपथेवर सांगते, ती कुंपणाच्या पलीकडे होती. कशी गेली ते मला दिसलं नाही. रुळांवर उतरली आणि तेवढ्यात पलीकडून गाडी आली.

मी ओरडले. लाल झेंडा घेऊन धावले. गाडी पुढे जाऊन थांबली. ड्रायव्हर उतरला, आम्ही सगळ्यांनी रूळ पाहिले, डब्यांखाली पाहिलं. काही नाही. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, समोर कुणी नव्हतं." फलाटावरची माणसंही तेच म्हणाली, तुम्ही एकट्याच ओरडत होतात. गाडी अकरा मिनिटं अडवल्याचा खुलासा मी लिहून दिलाय. "धुक्यात भास झाला" असं लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

दुपारी मिशीकाका हजर झाले, डोळ्याला हिरवी पट्टी. मी सांगितलं तर पिशवी तशीच हातात धरून उभे राहिले. "तुम्ही 'गेली' म्हणालात?" एवढंच विचारलं. मग म्हणाले, "मामासाहेबांना कळवा. बाकी मला ठाऊक नाही. मी फक्त निरोप्या."

त्या दिवसापासून ती आली नाही. काल त्या बाकाच्या टोकाला एक माणूस खुशाल पेपर वाचत बसला होता. मला त्याचं बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

ती कोण, मामा?

भिंगरी

१९ जानेवारी

भिंगरे,

ती इथे आहे.

तेरा तारखेला सकाळी मी अंगणात दात घासत होतो. मागून कुणी विचारलं, "आठ-चाळीस गेली का?" मला दूधवाल्याची हाक ऐकू येत नाही, पत्र्यावर पाऊस वाजतो तो ऐकू येत नाही. हे मात्र शब्दन् शब्द ऐकू आलं, तरुणपणी यायचं तसं. वळलो तर फाटकाशी उभी.

मी नेहमीचं उत्तर दिलं. "यायची आहे, बसा." पस्तीस वर्षं माझ्या या उत्तरावर ती बसत आली. इथे बसली नाही. तशीच उभी राहिली, नऊ वाजून गेले तेव्हा नव्हती. दुसऱ्या दिवशी फाटकाच्या आत. तिसऱ्या दिवशी पायरीवर. काल उंबऱ्याशी. दार लावून घेतलं होतं, तरी आतल्या बाजूने. विचारते एकदाच, मग पाहत राहते.

तू घाबरू नकोस, आणि स्वतःला दोष देऊ नकोस. तुला सांगितलं नव्हतं ही चूक माझी. ती फार जुनी प्रवासी. रूळ ओलांडताना गाडीखाली आली. चौकशी झाली, तिने जाणूनबुजून केलं असं ठरलं, प्रकरण मिटलं. मी तेव्हा नवा होतो. एवढंच आहे. हे इतिहासात घालू नकोस. आठ पानांत अशा गोष्टींना जागा नसते.

जेवणखाण ठीक चाललंय. दूधवाला म्हणतो (पाटीवर लिहून), तुम्ही बारीक झालात.

मामा

२७ जानेवारी

मामा,

मुद्दाम चार-पाच दिवस थांबले, पूर्ण कळल्याशिवाय लिहायचं नाही म्हणून.

इतिहासासाठी तिकीट खिडकीवर सूचना लावली होती: जुन्या आठवणी, जुने फोटो असतील तर आणून द्या. दोन म्हातारे वीटभट्टीचे किस्से सांगून गेले. मग बावीस तारखेला एक बाई आल्या, पण फलाटावर आल्या नाहीत. बाहेर लावून ठेवलेल्या सायकलींपाशी उभ्या राहिल्या आणि झाडूवाल्याकडून मला बोलावून घेतलं. पलीकडे रस्त्याला त्यांचं कपडे दुरुस्त करायचं दुकान आहे. सगळे त्यांना टाकेताई म्हणतात. वय चौपन्न.

म्हणाल्या, "तुमच्या इतिहासात माझी आई येते का, एवढंच विचारायचंय."

पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्यांची आई इथे गाडीखाली गेली. सूत गिरणीत कामाला होती. घरात दोघीच, वडील आधीच गेलेले. मुलगी नऊ वर्षांची. रेल्वेचा कागद आला, त्यात लिहिलं होतं, जाणूनबुजून. मावशीने सांभाळलं. पण घरात भांडण झालं की मावशीचं एकच वाक्य, "तुझी आईच तुला टाकून गेली, मी कुठे कमी पडले?" शाळेतही तेच. लग्न ठरत होतं तेव्हाही तेच, आणि मग ठरलं नाही. "मी वाईट होते का हो," त्यांनी मला विचारलं, "नऊ वर्षांची पोर किती वाईट असते?" पंचेचाळीस वर्षांत या स्टेशनात त्यांनी पाऊल टाकलं नाही. कुठेही जायचं तर बसने जातात, दीड तास जास्त लागतो तरी.

त्यांनी फोटो दाखवला. मी ओळखलं, मामा. तो श्वास सोडला तर सगळं तेच.

मिशीकाकांनाही खोदून विचारलं. ते त्यानंतर पाच वर्षांनी नोकरीला लागले, पण जुन्या माणसांकडून त्यांनी ऐकलं होतं की त्या सकाळी थोरले मास्तर रजेवर होते आणि खोलीत तुम्ही एकटेच होतात.

ती रोज येऊन एकच प्रश्न विचारते. मी "गेली" म्हटलं तर ती रुळांवर गेली. तुम्ही "यायची आहे" म्हणत होता तर बसत होती.

मामा, तुम्ही तिला त्या दिवशी काय सांगितलं होतं?

भिंगरी

२ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझ्या आईने लहानपणी माझी एक खोडी पकडली होती. मारलं नाही, नुसतं विचारलं. तुझा प्रश्न वाचला आणि तुझी आईच समोर उभी राहिली.

मी चोवीस वर्षांचा होतो, नोकरीचा तिसरा आठवडा. थोरले मास्तर रजेवर. दाट धुकं, सगळ्या गाड्या मागे-पुढे. मी फोन कानाला लावून बसलो होतो, पलीकडचा माणूस ओरडत होता. रजिस्टर पुढ्यात होतं. मला शहाणपण सुचलं होतं की सकाळच्या गाड्या आधीच भरून ठेवाव्यात, म्हणजे नंतर घाई नको. आठ-चाळीसच्या पुढे मी "वेळेवर" असं लिहूनही टाकलं होतं. गाडी आलीच नव्हती.

ती धावत आली. "आठ-चाळीस गेली का?" मी मान वर केली नाही. घड्याळाकडे पाहिलं, पावणेनऊ. म्हटलं, "गेली." ती म्हणाली, "बरं."

गाडी गेली असं मी सांगितलं, म्हणजे रूळ मोकळा. तिने कशाला बघायचं? गिरणीचं फाटक नऊला बंद व्हायचं, पुढच्या गाडीने जाऊन उपयोग नव्हता. ती उताराकडे गेली. आठ-चाळीस धुक्यातून आठ-एकोणपन्नासला आली.

चौकशीला वरचे साहेब आले. विचारलं, "बाई तुझ्याशी काही बोलली होती?" मी म्हणालो, "नाही." एवढा एकच शब्द. त्यावरून त्यांनी ठरवलं, की गाडीची वेळ माहीत असलेली रोजची बाई, गाडी येत असताना उतरली, म्हणजे जाणूनबुजून. त्या पानावर "वेळेवर" खोडून मी वर "८.४९" केलं होतं. ते कुणी पाहिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. पान मी फाडलं आणि स्टोव्हवर जाळलं.

तिला एक मुलगी आहे हे मला माहीत होतं, हेही लिहून ठेव. शाळेच्या गणवेशात एकदा पाहिली होती, मावशीचा हात धरून. मी आत वळलो.

दुसऱ्या वर्षी, त्याच तारखेला, ती दारात आली. मी हात जोडले, देवाचं नाव घेतलं, काही उपयोग झाला नाही. ती विचारत राहिली. शेवटी तोंडातून निघालं, "यायची आहे, बसा." आणि ती बसली. जे उत्तर त्या दिवशी द्यायचं होतं ते मी तेव्हापासून रोज देत होतो. चार वेळा बढती आली, बदलीसकट. चारही वेळा नकार दिला. लोक म्हणायचे, या माणसाचा जीव स्टेशनात अडकलाय. मला वाटायचं, मी तिला जपतोय. आता कळतं, बसवून ठेवलं होतं.

काल ती स्वयंपाकघरात होती. हात लांब केला तर लागेल एवढी. काल तिने विचारलंही नाही.

हे पत्र तिच्या मुलीला वाचून दाखव. मला विचारायला थांबू नकोस.

मामा

९ फेब्रुवारी

मामा,

वाचून दाखवलं.

दुपारी दुकान रिकामं असतं तेव्हा गेले. त्या कुणाचा तरी कोट उसवत होत्या. मी सांगितलं, लिहिणारा माझा सख्खा मामा आहे, ऐकायचं नसेल तर उठून जाते. म्हणाल्या, "वाचा. हात चालू राहू दे माझा." पहिलं पान होईपर्यंत चालू होता. "गेली" या शब्दाशी ब्लेड थांबलं. मी पुढे वाचत राहिले, कारण थांबले असते तर मला पुन्हा सुरू करता आलं नसतं.

संपल्यावर त्यांनी ब्लेड बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "उतारावरून पलीकडे म्हणजे आमच्या खोल्यांकडे."

मी म्हटलं, "हो."

"म्हणजे ती घरी परत येत होती."

मामा, हे तुम्हीही लिहिलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं. चौकशीत सुचलं नाही, मावशीला सुचलं नाही. गाडी चुकली, कामाचा दिवस बुडाला, तर माणूस घरी जातं. इतकं साधं. त्या तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, तोंडातल्या तोंडात, पाढ्यासारखं.

मी तुमच्या वतीने माफी मागायला गेले तर त्यांनी हात वर केला. "माझं नंतर बघू. आधी तिच्याशी खरं बोला म्हणावं. पंचेचाळीस वर्षं माझ्या आईला खोटं सांगतोय माणूस."

मी वरच्या ऑफिसला लिहिलंय, जुन्या मृत्यूच्या नोंदीबद्दल नवी माहिती मिळाली आहे म्हणून. तुमचं नाव घातलंय. पेन्शनला धक्का लागू शकतो. तुम्हाला विचारायला थांबू नकोस म्हणालात, म्हणून थांबले नाही. पण पाकीट टाकण्याआधी दोनदा पेटीपर्यंत जाऊन परत आले, हे तुम्हाला माहीत असावं.

भिंगरी

१४ फेब्रुवारी

भिंगरे,

बोललो.

काल सकाळी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. ती ओट्याजवळ उभी होती. तिने विचारायच्या आधी मीच सुरू केलं. म्हटलं, "बाई, त्या दिवशी आठ-चाळीस गेली नव्हती. मी न बघता सांगितलं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून रुळांवर उतरलात. आणि चौकशीत मी खोटं बोललो." बोलायला इतकं थोडं होतं. पंचेचाळीस वर्षं मला वाटत होतं, फार मोठं आहे.

वाटलं होतं ओरडेल, किंवा दिसेनाशी होईल. यातलं काही झालं नाही. ती जरा पुढे झुकली, आपण खिडकीशी झुकतो तशी, आणि पहिल्यांदाच वेगळं काही विचारलं.

"ताप उतरला का?"

कुणाचा ताप, मला काहीच कळेना. पटकन "उतरला" म्हणावं असं ओठांवर आलं. सवयच ती. जीभ चावली. म्हटलं, "बाई, मला माहीत नाही. विचारून सांगतो."

"बरं," म्हणाली. आणि खाली बसली. इथे पहिल्यांदाच. कालपासून तिथेच बसून आहे. पावणेनऊ वाजून गेले, नऊ वाजून गेले, आता दुपार झाली तरी आहे. मी तिच्यादेखत चहा करून प्यायलो. भीती वाटत नाही असं म्हणणार नाही, पण तिला ताटकळत ठेवल्यासारखं वाटतंय ते जास्त.

पत्र मिळताच मुलीला विचार. लवकर कळव.

मामा

१९ फेब्रुवारी

मामा,

हे पत्र पोस्टाने नाही, टाकेताईंच्या हातानेच येतंय.

मी दुकानात जाऊन आडून आडून विचारलं नाही, सरळच विचारलं, "त्या दिवशी घरी कुणाला ताप होता का?" त्यांच्या हातातून कात्री पडली.

ताप त्यांनाच होता. रात्रभर. सकाळी आई पट्ट्या ठेवत बसली, म्हणून निघायला उशीर झाला, म्हणून धावत गेली. शेजारी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आई कामावर गेल्यावर शेजारीण लक्ष ठेवणार होती आणि तापाची पोर म्हटल्यावर ती नको म्हणाली असती. मावशीला तर पुढेही कधी सांगितलं नाही. का? त्या म्हणाल्या, "माझ्यामुळेच तिला उशीर झाला, हे कुणाला कळू नये म्हणून." मामा, त्यांनीही एक पान फाडून ठेवलं होतं.

मी म्हटलं, उत्तर सांगा, कळवते. त्या म्हणाल्या, "निरोप कशाला? मला विचारलंय ना तिने?"

आज सकाळी त्या स्टेशनात आल्या. पहिल्या पायरीशी बराच वेळ उभ्या होत्या. मिशीकाकांनी त्यांची पिशवी घेतली. मी शेजारी चालले. पुलावरून जायची गरज नव्हती, तरी त्या पूल चढून वर गेल्या, मधे थांबल्या, खाली रूळ पाहिले आणि परत आल्या. आता आठ-सदतीसमध्ये बसतील. पुढच्या जंक्शनला गाडी बदलून दुपारी तुमच्याकडे पोचतील. त्यांना नीट घरात घ्या. त्या तुम्हाला काही बोलल्या तर ऐकून घ्या, म्हणजे, लिहायला लावा.

भिंगरी

२७ फेब्रुवारी

भिंगरे,

टाकेताई दुपारी तीनला आल्या. मी फाटकाशीच होतो. त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. काही म्हणाल्या, ऐकू आलं नाही. पाटी पुढे केली. त्यांनी लिहिलं, "तुम्ही म्हातारे झालात. माझी आई नाही झाली." मी पाटी पुसली नाही, तशीच आत नेऊन ठेवली.

स्वयंपाकघरात नेलं. ती तिथेच बसलेली, सहा दिवस. टाकेताईंना दिसेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, चुकीच्या बाजूला. मी बोट दाखवणार तेवढ्यात ती बाई स्वतःच उठली, दोन पावलं सरकली आणि मुलीच्या नजरेसमोर जाऊन उभी राहिली. बत्तीस वर्षांची आई आणि चौपन्न वर्षांची मुलगी. मुलीचे केस पांढरे. आई आधी बावरल्यासारखी पाहत राहिली. मग ओळखलं. कसं ते मला सांगता येणार नाही, पण ओळखलं ते चेहऱ्यावर दिसलं.

टाकेताईंच्या ओठांकडे मी पाहत होतो. त्या म्हणाल्या, "उतरला, आई. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरला."

"बरं," ती म्हणाली. तो शब्द मी शेवटचा ऐकला. त्यानंतर कानांत काही नाही. नुसतं शांत.

टाकेताई रात्री शेजारच्या बाईंकडे झोपल्या. सकाळी स्टेशनाकडे निघाल्या तेव्हा मी फाटकात उभा होतो. रस्ता सरळ आहे, वळणापर्यंत दिसतं. पुढे त्या, आणि त्यांच्या डाव्या अंगाला, पाऊलभर मागे, दुसरी. समोरून सायकलवाला आला तो दोघींना वळसा घालून गेला. एकटीसाठी कुणी एवढा वळसा घालत नाही. वळणावर टाकेताई थांबल्या, मागे न बघता क्षणभर वाट पाहिली आणि मग पुढे गेल्या.

मला त्यांनी माफ केलेलं नाही. जाताना पाटीवर तसं लिहून गेल्या. खाली लिहिलं, "नोंद दुरुस्त करा, मग बघू."

वरच्या ऑफिसचं पत्र आलंय. सोळा मार्चला मला बोलावलंय, त्याच खोलीत. जबाब तिथल्या स्टेशन मास्तरने लिहून घ्यायचा आहे, म्हणजे तू. मला विचारलेलं ऐकू येणार नाही, तेव्हा प्रश्न कागदावर लिहून ठेव. नात्याची भीड धरू नकोस आणि माझ्या वयाची कणव करू नकोस. मी तरुण होतो, धुकं होतं, हे सगळं गाळ. ते मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून झालंय.

कारणाच्या रकान्यातला "जाणूनबुजून" हा शब्द एका सरळ रेघेत खोड, खाली वाचता येईल असा. फाडाफाडी नको. त्याच्यावर लिही: ड्युटीवरच्या माणसाने गाडी गेल्याचं चुकीचं सांगितल्यामुळे, आजारी मुलीकडे घरी परत जाताना. मग पेन माझ्याकडे दे.

मामा